कामगार संघटना आणि दानधर्म म्हणजे समाजवादच का?

प्रश्न
मुक्त बाजाराचे समर्थक एक मुद्दा सतत मांडतात: संघटना एकजुटीच्या जोरावर मजुरीचा भाव चढवते, दानधर्म एकाची कमाई दुसऱ्याच्या हातात देतो, म्हणून दोन्ही समाजवादाचीच रूपं. सरसकट पटत नाही, पण खोडायचं कसं? महाराष्ट्रातले कायदे माहीत असलेल्यांनी नेमकं सांगावं.

प्रतिसाद १
समाजवादात पहिला प्रश्न मालकीचा. संघटनेने पगारवाढ मिळवली तरी यंत्रं मालकाचीच आणि नफाही त्याचाच. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने तर राजकीय कामासाठी निधीच वेगळा ठेवायला लावला; त्यात वर्गणी न देणाऱ्याचे लाभ रोखता येत नाहीत.

टीका लागू पडते ती दुसरीकडे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका भागातल्या एका उद्योगाचे २५ टक्के कामगार सभासद असले की ती संघटना 'प्रातिनिधिक' ठरू शकते. मग उरलेल्या ७५ टक्क्यांच्या वतीनेही तीच बोलणार. मुंबईच्या गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ पासून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तरी कायदेशीर करार व्हायचा तर संघाशीच! हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मुख्य मागणी होती. ही सरकारने बहाल केलेली मक्तेदारी. बाजारवाद्यांनी खरं तर तिच्यावर तुटून पडायला हवं.

प्रतिसाद २
दानाचंही तसंच. स्वखुशीने दिलं ते दान, त्यात समाजवाद कुठे आला? सक्ती बघायची तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेली, रुग्णालयं बघा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. खर्चासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. म्हणजे भार शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बिलातून निघतो आणि नाव होतं विश्वस्तांचं. ही टीका रास्त आहे. पण ट्रस्ट म्हणून करसवलत घेतली की अटही आली. अट नको असेल तर सवलत सोडावी.

अडतं ते दाखल्यापाशी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड हाताशी नसलं की नातेवाइकांना परत पाठवतात. तातडीच्या रुग्णाला मात्र अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, असं योजनेतच आहे. काउंटरवर हे ठणकावून सांगा.

प्रतिसाद ३
माथाडी, म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे हमाल, राहिलेच. टोळी एका दिवसात चार गाळ्यांवर माल उतरवते, तिला कायमचा मालक नसतो. म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने माथाडी मंडळं आणली: मालक मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही (जादा आकार) मंडळात भरतो, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. ही खैरात नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला आहे. फक्त तो देणारे मालक अनेक.

बिघडतं कुठे, तर नोंद नसलेली टोळी गाडी अडवते आणि एक पोतं न उचलता वाराई (माल उतरवण्याची मजुरी) मागते. ती निव्वळ खंडणी, आणि तिची बदनामी पाठीवर पोती वाहणाऱ्या खऱ्या माथाडीला भोगावी लागते. टोळीची नोंद आधी मंडळात तपासा, पैसे मुकादमाच्या हातात न देता मंडळात भरा आणि पावती घ्या. तरीही गाडी अडवली तर पोलिसांत तक्रार द्या.