गरिबाच्या वीजबिलात सूट द्यावी, की त्याचा पंखा आणि पत्रा बदलून द्यावा?

धागाकर्ता (नागपूर)
अल्प उत्पन्न असलेल्या घरांना वीजबिलात सवलत देण्यापेक्षा त्यांचे पंखे आणि छप्पर सुधारण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात दुपारी चार वाजता पत्र्याच्या खोलीत उभे राहून पाहा; पंखा पत्र्याखालची तापलेली हवाच खाली फेकत असतो. दोनदा रिवाइंड केलेला तो पंखा ७५ वॅट खातो, तर बीएलडीसी पंखा (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज १६ तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात. महावितरणचा १०० युनिटांपुढचा दर दुपटीच्या आसपास जात असल्यामुळे, १३० युनिट जाळणारे घर दोन पंखे बदलून त्या रेषेच्या आत येऊ शकते. सवलत मात्र दर महिन्याला पुन्हा द्यावी लागते.

प्रतिसाद १
निदान मान्य आहे, उपाय मान्य नाही. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी बल्बची खरेदी किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत खाली आली ती अनुदानामुळे नव्हे, तर एकगठ्ठा खरेदीमुळे, आणि ग्राहकांना बल्बचे पैसे बिलातून हप्त्याने फेडता आले. पंख्यांचेही तसेच करावे. अनुदान जाहीर झाले की विक्रेते किंमत उतरू देत नाहीत.

धागाकर्ता
बल्ब शंभराच्या आतला होता, पंखा अडीच-तीन हजारांचा आहे. ज्या घरात किराणाही उधारीवर येतो, तिथे बिलावर चढलेला हप्ता थकला की वीजच तोडली जाण्याची भीती असते. शिवाय २०२१ च्या ग्राम उजाला योजनेत, जिच्या पहिल्या टप्प्यात नागपूर जिल्हा होता, चालू स्थितीतला जुना बल्ब जमा केल्यावरच दहा रुपयांत नवा मिळत असे. ती अट पंख्यांनाही लावावी, नाहीतर जुना पंखा शेजारच्या खोलीत लागेल आणि बचत तिथेच संपेल.

प्रतिसाद २
ग्राम उजालातही बल्बचा उरलेला खर्च कार्बन क्रेडिटमधून (टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाची प्रमाणपत्रे विकून) काढायचा होता, सरकारी तिजोरीतून नव्हे, हे आपण सांगितले नाही. पण माझा आक्षेप वेगळा आहे. मी वीस वर्षे पंखे दुरुस्त करतो. साध्या पंख्याचा कंडेन्सर गल्लीतला कोणीही तासाभरात बदलतो. बीएलडीसीचे सर्किट विजेच्या कमी-जास्त दाबाने गेले, तर पूर्ण कार्डच बदलावे लागते, आणि ते तालुक्याच्या गावी वेळेवर मिळत नाही. पाच वर्षांची हमी आणि जवळचे दुरुस्ती केंद्र नसेल, तर दुसऱ्या उन्हाळ्यात तो पंखा माळ्यावर जाईल आणि जुनाच पुन्हा विकत घेतला जाईल.

प्रतिसाद ३
आपण सगळे स्वतःचे घर गृहीत धरून बोलत आहात. मी भाड्याच्या खोलीत राहतो. मीटर मालकाच्या नावावर आहे आणि तो सबमीटर पाहून प्रत्येक युनिटला स्वतः ठरवलेला दर घेतो. सरकारी सवलत माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण माझ्या मालकीचे छप्परच नाही. पंखा मात्र खोली बदलताना बरोबर नेता येतो, म्हणून पंख्याला माझा पाठिंबा आहे. पत्र्यावर सरकारी खर्च झाला, तर मालक पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात भाडे वाढवील.

धागाकर्ता
दुरुस्तीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. हमीशिवाय वाटप नको. भाडेकरूंसाठी लाभ मीटरला नव्हे, शिधापत्रिकेला जोडावा. पत्र्याबद्दल मात्र माघार घेत नाही. त्याला हजारोंचा खर्च नाही; चुन्यात फेविकॉल कालवून उन्हाळ्याआधी दोन हात मारले, तरी खोली दोन-तीन अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच केले. एवढ्या चुन्यासाठी कोणता मालक भाडे वाढवील?

प्रतिसाद ३
माझा मालक वाढवील. तरीही चुना मारून द्या. मुले दुपारी घरात थांबू शकतील.