ब्रॅम्प्टनमधलं बेसमेंट: खिडकीचं माप
(सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

कुलकर्णी काकू, बी-७०४: ओंकारला कॅनडात ब्रॅम्प्टनमध्ये बेसमेंटची खोली भाड्याने मिळतेय. फोटोत खिडकी दिसते, एजंट म्हणतो सगळं लीगल आहे. अजून काय बघायचं?

देशपांडे, ए-३०२: काकू, आग लागली तर खिडकीतून माणूस बाहेर पडू शकतो का ते बघा. तिथल्या ऑन्टारिओ प्रांताच्या बिल्डिंग कोडप्रमाणे (बांधकामाचे नियम) उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर हवी आणि कुठलीही बाजू ३८० मिमीपेक्षा कमी नको. दोन्ही अटी एकदम. ३८ बाय ३८ सेंमी म्हणजे जेमतेम ०.१४, ते चालत नाही. ६० बाय ६० झालं तर ०.३६, पास. त्याच मजल्यावरून थेट बाहेर दार असेल किंवा स्प्रिंकलर (आग विझवणारे छतातले पाण्याचे फवारे) असतील तर गोष्ट वेगळी.

स्नेहा, सी-११०१: मोजताना चौकट धरू नका. १२० बाय ६० ची स्लायडिंग अर्धीच सरकते, चौकट वजा जाता साधारण ५५ बाय ५४ उरतं, म्हणजे ०.३०. नापास! ओंकारला सांगा, व्हिडिओ कॉलवर मालकाकडून खिडकी पूर्ण उघडून टेप लावून घे. किल्ली किंवा पान्याशिवाय आतून उघडायला हवी.

देशपांडे, ए-३०२: बेसमेंटच्या खिडकीबाहेर जमिनीत केलेला खड्डाही दाखवायला सांगा. बाहेर उघडणारं तावदान खड्ड्याच्या भिंतीला अडकतं. वर जाळी असेल तर ती आतून ढकलून निघायला हवी. हिवाळ्यात खड्डा बर्फाने भरतो, तो कोण काढणार हे आधीच ठरवा.

कुलकर्णी काकू, बी-७०४: पण जिना आहे ना?

देशपांडे, ए-३०२: घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस बऱ्याचदा जिन्यालगतच असते. तिथेच पेटलं तर जिना गेला, आणि धूरही त्याच वाटेने चढतो.

स्नेहा, सी-११०१: हॉलमध्ये प्लायवूड ठोकून खोल्या पाडलेल्या असतील तर नकोच. मोठी खिडकी शेजारच्या मुलाच्या खोलीत आणि तिला कुलूप, तर ओंकारसाठी ती नसल्यासारखीच. स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म दोन्ही हवेत, बसवायची जबाबदारी मालकाची. बटण दाबून आवाज ऐका. फोडणीच्या धुराने वाजतो म्हणून मुलं बॅटरी काढतात, ते अजिबात करू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

देशपांडे, ए-३०२: ब्रॅम्प्टन सिटीकडे अशा जादा युनिट्सची (घरातच काढलेल्या बेसमेंटसारख्या वेगळ्या घरांची) नोंदवही आहे. डिपॉझिट भरण्याआधी पत्ता त्यात तपासून घ्या. नोंद नसेल तर दुसरी खोली बघा.