जाताना कमी वेळ? उलट आहे
सँटियागो (चिलीची राजधानी) ते ईस्टर आयलंड (चिलीच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागरातलं चिलीचंच बेट) या विमानांच्या वेळापत्रकात जाताना साडेतीन तास आणि येताना पावणेसात तास दिसतात, म्हणून जाताना वारा पाठीशी असणार, असं वर कुणीतरी लिहिलंय. नेमकं उलट आहे. बेटाचं घड्याळ चिलीच्या मुख्य भूमीच्या दोन तास मागे चालतं आणि तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. हे दोन तास जाताना मिळवा, येताना वजा करा. जायला साधारण साडेपाच तास, यायला पावणेपाच. त्या पट्ट्यात वरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात. अंतर तेच, सुमारे ३,७५० किलोमीटर. त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागून काढलेलं उत्तर म्हणूनच जातानाच्या वेळेला लागू पडत नाही.

अजून एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. माताव्हेरीला (बेटावरचा विमानतळ) धावपट्टी एकच. मुंबईला जागा नसेल तर विमान अहमदाबादला नेता येतं, इथे तशी सोय नाही. जवळपास नुसतं पाणी. त्यामुळे एका विमानाने परत फिरण्याची मर्यादा ओलांडली, की ते उतरेपर्यंत दुसऱ्याला ती ओलांडू देत नाहीत. न जाणो, पहिलंच धावपट्टीवर अडकून पडलं तर मागच्याने जायचं कुठे? बाकी एवढ्याशा बेटावर ३ किलोमीटरहून लांब धावपट्टी कशाला, तर ती १९८० च्या दशकात नासाने वाढवून घेतली, स्पेस शटलला अडीअडचणीला उतरता यावं म्हणून. शटल तिथे कधीच उतरलं नाही.