१९६६ चा अली विरुद्ध १९८८ चा टायसन: माझं मत अलीला, अकराव्या फेरीत

मिरजकर तिकटी
मुहम्मद अली आणि माइक टायसन, दोघेही बॉक्सिंगचे हेवीवेट जगज्जेते; ऐन भरातले दोघे समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? रविवारी तालमीच्या कट्ट्यावर हा वाद पेटला आणि जेवणाची वेळ झाली म्हणून अर्धवट राहिला. नुसतं "अली की टायसन" म्हटलं की सगळं हवेत जातं, म्हणून आधी साल ठरवूया. अली नोव्हेंबर १९६६ चा, ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा, वय २४. टायसन जून १९८८ चा, मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा, बावीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी.

माझं मत: अली जिंकणार. अकराव्या फेरीत रेफरी लढत थांबवणार.

आता कारण. सगळे अलीच्या पायांचं कौतुक सांगतात. पण पहिल्या चार फेऱ्यांत नुसते पाय पुरणार नाहीत, कारण टायसन नुसता अलीच्या मागं मागं पळत नाही, तो वाट अडवत येतो. अलीला तारणार तो त्याचा डावा हात, आणि तोही ठोसा मारताना नव्हे, तर टायसनच्या मानेमागं पडल्यावर. जानेवारी १९७४ मधली फ्रेझरबरोबरची दुसरी लढत काढून बघा. फ्रेझर आत शिरला की अलीचा हात त्याच्या मानेमागं, डोकं खाली ओढलेलं, दुसऱ्या हातानं दंड बांधलेला. रेफरी येऊन सोडवणार, पुन्हा दोन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे), पुन्हा मान. बारा फेऱ्या हाच कार्यक्रम.

टायसन ५ फूट १० इंच, अली ६ फूट ३ इंच. बुटका गडी उंच माणसाच्या छातीखाली शिरतो तेव्हा त्याची मान आपसूक हाताखाली येते. मातीत उतरलेल्याला हे सांगायला नको. मानेवर वजन पडलं की आधी पाठ जाते, मग मांड्या, मग दम. आठ फेऱ्या ९५ किलोचा माणूस मानेवर घेतलेला टायसन नवव्या फेरीला तोच टायसन राहत नाही.

पेठेतला पोरगा
भावा, अकराव्या फेरीपर्यंत जाणार कोण?

अलीची खोड जगाला ठाऊक हाय. हात कमरेला आणि ठोसा आला की डोकं सरळ मागं. १९६३ ला वेम्बलीवर हेन्री कूपरनं चौथ्या फेरीच्या शेवटाला डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) घातला आणि गडी खाली. घंटा झाली म्हणून वाचला, वर त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीनं ग्लोव्ह फाटल्याचं निमित्त काढून अजून जरा वेळ मिळवला. १९७१ ला फ्रेझरनं पंधराव्या फेरीत परत तोच डावा हुक. म्हंजे आठ वर्षांत दुरुस्ती शून्य.

कूपर ८४ किलोच्या आसपास. टायसन स्पिंक्सपुढं उतरला तेव्हा ९९ किलो. आणि हा एक मारून थांबणारा न्हवं. उजवा बरगडीत, तोच उजवा लगेच हनुवटीखाली. डोकं मागं घेशील, बरगड्या कुठं नेशील? चौथी फेरी, विषय संपला.

निवृत्त मास्तर
निवडलेल्या साली अली आणि टायसन यांचे प्रतिस्पर्धी कोण होते, ते आधी पाहावे. विल्यम्सला १९६४ साली पोलिसाची गोळी लागली होती, त्यात एक मूत्रपिंड गेले. अलीपुढे उभा होता तो त्यातून उठलेला माणूस. आणि स्पिंक्स मूळचा लाइट हेवीवेट (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा), रिंगमध्ये येतानाच त्याचा चेहरा उतरलेला. त्या दोन रात्रींवरून निकाल लावायचा तर लावू नयेच.

त्यापेक्षा फ्लॉइड पॅटरसन घ्या. टायसनला घडवणारे कस डॅमाटो, त्यांचाच हा आधीचा शिष्य. दोन्ही ग्लोव्ह गालाला लावून, कंबरेतून हलत आत शिरायचे, ही टायसनची शैली पॅटरसनकडे आधीच होती. १९५६ मध्ये तो सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला आणि तो विक्रम ३० वर्षांनी टायसननेच मोडला. अलीने नोव्हेंबर १९६५ मध्ये लास व्हेगासला पॅटरसनला बाराव्या फेरीपर्यंत खेळवले. म्हणजे हे कुलूप अलीने आधी हाताळलेले होते.

पेठेतला पोरगा
मास्तर, तुमचा मान राखून बोलतो. पॅटरसन त्या दिवशी पाठ धरूनच लढत होता, आणि एरवी पण तो कितीदा खाली बसलाय ते तुम्हालाच जास्त म्हाईत. शाळा एक म्हणून पोरं सारखी निघत न्हाईत. पॅटरसनकडं टायसनचं वजन न्हवतं आणि टायसनची मार झेलणारी हनुवटी पण न्हवती.

राजारामपुरी
सरळ हिशेब घ्या. ट्रेव्हर बर्बिकनं डिसेंबर १९८१ ला अलीला हरवलं. टायसननं नोव्हेंबर १९८६ ला बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवलं. झालं की.

मिरजकर तिकटी
ह्या हिशेबानं १९९० ला टायसनला हरवणारा बस्टर डग्लस अलीपेक्षा मोठा. बर्बिकपुढं अली चाळिशीला टेकलेला आणि बोलताना अडखळणारा होता. चहा घ्या, दादा.

कसबा बावडा
मी कॉलेजात असताना बॉक्सिंग खेळले आहे, त्यामुळं मानेच्या मुद्द्यावर बोलते. मुद्दा खरा आहे. माझ्यापेक्षा उंच मुलगी मानेवर लोंबकळली की दुसऱ्या फेरीत खांदे भरून यायचे, हात वर धरवायचे नाहीत. पण मिरजकर तिकटीच्या दादांनी दोन गोष्टी सोडल्या.

एक, टायसनची मान. तो डोक्यावर भार घेऊन मानेचा ब्रिज घालायचा, आपल्याकडचे पैलवान घालतात तसाच. ती मान वाकवायला अलीलाही ताकद खर्चावी लागणार, तो काही फुकट विसावा नाही.

दोन, मान धरून ओढणं हा फाऊल आहे. १९७४ च्या रेफरीनं चालवून घेतलं. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथनं टायसनला बारा फेऱ्या मिठी मारली, तेव्हा रेफरी मिल्स लेननं गुण कापले. टायसन गुणांवर आरामात जिंकला. म्हणजे तुमचा सगळा डाव तिसऱ्याच माणसाच्या हातात आहे.

मिरजकर तिकटी
ताई, हा मुद्दा वजनदार आहे. पण स्मिथ धरत होता तो फक्त उभं राहण्यासाठी, ठोसे त्यानं मारलेच कुठं? शेवटच्या फेरीत एक उजवा मोकळा सोडला तर टायसन हलला. अली धरतो ते श्वास घ्यायला, आणि सुटता सुटता मारतो. शिवाय स्मिथनं एक गोष्ट उघडी पाडली: मिठीत अडकला की टायसन आतून हात सोडवून मारत नाही, रेफरीची वाट बघत थांबतो. फ्रेझर निदान डोक्यानं ढकलत राहायचा.

पेठेतला पोरगा
वाट बघत थांबतो, आणि सुटल्यावर मग घालतो.

निवृत्त मास्तर
रेफरीआधी फेऱ्या ठरवा. १९६६ ला विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर दगावला, त्यानंतर हळूहळू १२ फेऱ्या झाल्या आणि टायसन त्या १२ मध्येच वाढला. खासबाग मैदानात निकाली (निकाल लागेपर्यंतची) कुस्ती लढणारा आणि मॅटवर घड्याळाकडे बघून लढणारा, दोघांचा दम वेगळा बांधलेला असतो. बारा फेऱ्या असतील तर टायसन पहिल्या सहा मनसोक्त उधळू शकतो. पंधरा असतील तर ते परवडणार नाही.

आणि अशा लढती कागदावर लावायचा छंद नवा नाही. १९६९ मध्ये अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांना रिंगमध्ये उभे करून लुटुपुटूच्या फेऱ्यांचे चित्रीकरण झाले. निकाल कॉम्प्युटरने लावला म्हणे. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकलेला लोकांनी पाहिला. मार्सियानो त्याआधीच विमान अपघातात गेला होता. कॉम्प्युटरला तेव्हा अलीचे पाय कळले होते की नाही, देव जाणे.

राजारामपुरी
टायसननं स्वतः टीव्हीवर अलीशेजारी बसून अलीला मोठं म्हटलंय. त्याचं तरी ऐका.

पेठेतला पोरगा
शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला कोण म्हणतंय "मी तुम्हाला पाडला असता"? ते संस्कार झाले, पुरावा न्हवं.

कसबा बावडा
माझं मत सांगू? बारा फेऱ्या आणि कडक रेफरी असेल तर टायसन, सहाव्या-सातव्यात. पंधरा फेऱ्या आणि ढिला रेफरी असेल तर अली. पण अली एकदा तरी खाली बसणार, हे दोन्हीकडं धरून चाला. डाव्या हुकचं पोराचं म्हणणं खोडता येत नाही.

मिरजकर तिकटी
बसू दे की. १९७१ ला फ्रेझरच्या त्या हुकनंतर अली लगेच उठला आणि फेरी पुरी केली. टायसन खाली पडून उठला आणि लढत जिंकला, अशी एक लढत दाखवा. टोकियोत फेब्रुवारी १९९० ला दहाव्या फेरीत डग्लसनं पाडला, तर रांगत माऊथपीस शोधत होता. तोही डग्लस कोण? उंच, लांब जॅबवाला, जवळ आला की धरणारा.

पेठेतला पोरगा
टोकियोतला टायसन म्हंजे ट्रेनर केविन रूनीला हाकलल्यावरचा, सराव सोडलेला टायसन. साल तूच ठरवलंस, जून १९८८. स्पिंक्सच्या रात्री रूनी कोपऱ्यात होता.

मिरजकर तिकटी
मे १९८६ ला जेम्स टिलिसपुढंही रूनीच कोपऱ्यात होता. टिलिस फिरत राहिला, जॅब मारत राहिला, दहाच्या दहा फेऱ्या उभा. टिलिसला जमलं ते १९६६ च्या अलीला जमणार नाही?

पेठेतला पोरगा
टिलिस चौथ्या फेरीत खाली बसलावता, ते पण लिही की. आणि मी फेरी कुठली सांगितली होती, वर जाऊन बघ.