सिंग्लिश: मोडकं इंग्रजी की वेगळी भाषा?

कर्वेनगरी
हिंजवडीतल्या आमच्या टीमसाठी सिंगापूरच्या सहकाऱ्यांच्या बोलण्याबद्दल, म्हणजे तिथल्या 'सिंग्लिश'बद्दल, एक पानभर टिपण करायचं आहे. 'कॅन लाह', 'कॅन लोर', 'कॅन मेह' यांत नेमका फरक काय? आणि आपण 'मीटिंग अटेंड केली' म्हणतो तसंच हेही मिश्रण आहे का?

शब्दवेल्हाळ
नाही, मिश्रण वेगळं आणि हे वेगळं. 'मीटिंग अटेंड केली'त शब्द परके असले तरी सांगाडा मराठीच: मीटिंग स्त्रीलिंगी, म्हणून 'केली'. सिंग्लिशमध्ये उलट आहे. शब्द बहुतेक इंग्रजी, पण वाक्याची घडण होक्कियन, कँटोनीज (या दोन्ही चिनी बोली) आणि मलाय यांच्या वळणाची. म्हणून तिला क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून जन्मलेली स्वतंत्र भाषा, म्हणतात.

तुमच्या कामाचा पहिला शब्द 'ऑलरेडी'. 'रेन ऑलरेडी' म्हणजे पाऊस लागला. 'टेस्टिंग स्टार्ट ऑलरेडी' म्हणजे टेस्टिंग सुरू झालंय, एवढंच. त्यात 'इतक्यात कसं?' असा आश्चर्याचा किंवा तक्रारीचा सूर नसतो. चिनीत स्थिती बदलली की वाक्याच्या शेवटी 'ल' येतो, ते काम इथे 'ऑलरेडी' करतो. पुणेकर नेमके इथेच गोंधळतात.

आता शेपटं. मराठी माणसाला ती पटकन कळायला हवीत, कारण आपणही 'ना', 'की', 'हो' यांवरच अर्धं बोलणं तोलतो.
'कॅन लाह': जमेल हो, काळजी नको.
'कॅन लोर': जमवू, दुसरं काय करणार!
'कॅन मेह?': जमणारे का खरंच? (शंका आहे.)
'कॅन हॉर?': जमेल ना?
'कॅन लेह': जमतंय की! (समोरचा नाही म्हणत असताना.)

'लोर' ऐकलं की काम मिळालं असं धरा, पण माणूस खूश आहे असं धरू नका. टिपणात ही ओळ ठळक करा.

भाषाप्रेमी_सदाशिव
वरच्यात 'केना' जोडा. मूळ मलाय. 'ही केना स्कोल्ड' म्हणजे त्याने बोलणी खाल्ली, 'केना फाइन' म्हणजे दंड बसला. मार खाणे, फटका बसणे यांतलं आपलं 'खाणे-बसणे' डोळ्यांसमोर ठेवा. नको ते वाट्याला आलं तरच 'केना'. बढती मिळाली तर सरळपणे कोणी 'केना प्रमोट' म्हणणार नाही.

क्रिओल पाहायला सिंगापूरलाच जायला हवं असंही नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लईत 'नौ लिंग' बोलतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द पोर्तुगीज, आणि क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, बोली अजून आहे. तिला कोणी मोडकं पोर्तुगीज म्हटलं की मला राग येतो, आणि सिंग्लिशबद्दलही तसंच वाटतं.

कर्वेनगरी
फार उपयोगी. मग आमच्या लोकांनीही 'लाह' लावावं का?

शब्दवेल्हाळ
नको. समजून घ्या, नक्कल करू नका. 'लाह' प्रत्येक वाक्याला चिकटत नाही. 'टॉयलेट कुठे आहे?' अशी साधी माहिती विचारताना तो लागत नाही, आणि हेल चुकला तर धीर देण्याऐवजी वैताग ऐकू येतो. शिवाय तिथली माणसं स्वतःच प्रसंग पाहून भाषा बदलतात: जेवणाच्या टेबलावर सिंग्लिश, ग्राहकासमोर प्रमाण इंग्रजी. सरकारनेही 2000 पासून शुद्ध इंग्रजीची मोहीम चालवली, तरी घरी-बाजारात सिंग्लिश टिकली. ईमेलमध्ये तर मुळीच वापरू नका.

भाषाप्रेमी_सदाशिव
कॉफी मागताना मात्र तिथलेच शब्द वापरा, त्याला कोणी नक्कल म्हणणार नाही. नुसती 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड दुधाची गोड कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर घातलेली. पुणेकर इथे फसतात: काळी म्हणजे बिनसाखरेची असं धरून चालतात. साखर नको असेल तर 'कोसोंग' जोडा, बर्फ हवा तर 'पेंग'. 'कोपी ओ कोसोंग पेंग' यात कोपी आणि कोसोंग मलाय, ओ आणि पेंग होक्कियन. इंग्रजी एकही नाही.