मालवी गव्हाच्या पिठाचा पाव इंदूरच्या माहेरी दोनदा बसला, काय बदलावे?

माहेरवाशीण_नाशिक

नमस्कार. मी नाशिकला राहते आणि माझे माहेर इंदूरचे, रामबागेतले. नाशिकला दर रविवारी मी घरी पाव भाजते आणि तो नीट फुगतो. इंदूरला मात्र दोन वर्षे लागोपाठ माझी निराशा झाली आहे, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

आमच्याकडे वर्षाचा गहू बाबा स्वतः घेतात. नवा गहू मंडईत आला की ते दोन-तीन ठिकाणी दाणा दाताखाली फोडून पाहतात, मगच मालवी गहू पसंत करतात, आणि आई तो निवडून, ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत भरते. त्याच गव्हाचा पाव करून बाबांना खाऊ घालावा, एवढीच माझी इच्छा आहे. बाजारातून मैद्याची पिशवी आणून पाव करणे अवघड नाही, पण मग तो त्यांच्या गव्हाचा पाव राहत नाही.

पहिल्या वर्षी अर्धा किलो पीठ, सव्वातीनशे मिली पाणी, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि दहा ग्रॅम मीठ असे माझे नेहमीचेच प्रमाण घेतले. पाव वरून तडकला आणि आतून बाटीसारखा घट्ट झाला. गेल्या वर्षी कमी फुगला असेल असे समजून पीठ तीन तास जास्त ठेवले, तर ते भांड्यातच पसरले आणि भाजताना खाली बसले. बाबांनी तो पाव तीन दिवस रोज सकाळी दुधात बुडवून खाल्ला आणि तिन्ही दिवस ‘चव चांगली आहे’ असे सांगितले. आजीला आता नीट दिसत नाही. तिने पावावर बोट वाजवून पाहिले आणि माझा हात धरून ठेवला. म्हणूनच या वेळी तो बिघडू नये असे मनापासून वाटते.

घरी ओव्हन नाही. बाफल्यांसाठी (आधी उकडून मग भाजलेल्या बाट्यांसाठी) वापरतो तो गॅस तंदूर आहे. इंदूर उंचावर असल्यामुळे असे होते, असे वहिनींचे मत आहे. मी संक्रांतीला आठ दिवस जाणार आहे.

पीठगिरणी

ताई, उंचीचा इथे संबंध नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, आणि तुमचे नाशिकही साधारण तेवढ्याच, किंबहुना थोड्या अधिक उंचीवर आहे. फरक गव्हाचा आहे.

मालवी म्हणून जो गहू माळव्यात विकला जातो तो बहुधा कठीण दाण्याचा, म्हणजे ड्यूरम जातीचा असतो. नेहमीच्या पोळीच्या आणि पावाच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, ड्यूरममध्ये २८. पावाच्या गव्हाचा जो तिसरा जनुकसंच ड्यूरममध्ये नसतो, त्यातच पिठाला लवचीकपणा देणाऱ्या ग्लुटेनिन प्रथिनांची महत्त्वाची जनुके असतात. त्यामुळे ड्यूरममध्ये प्रथिने भरपूर असूनही त्याचे ग्लूटेन, म्हणजे भिजवलेल्या पिठातले प्रथिनांचे चिवट जाळे, ताणल्यावर तुटते आणि यीस्टने तयार केलेला वायू फार वेळ धरून ठेवू शकत नाही. बाफल्याला हाच गुण उपकारक ठरतो आणि पावाला हाच अडचणीचा होतो.

दुसरे कारण दळणाचे आहे. घरच्या चक्कीच्या दगडांखाली कठीण दाण्यातील स्टार्च बराच भंगतो, आणि भंगलेला स्टार्च व कोंडा दोन्ही पुष्कळ पाणी पितात. पहिल्या वर्षीचे तुमचे पाणी पिठाच्या पासष्ट टक्के होते. या पिठाला ते कमी पडले, म्हणून पाव तडकला. दुसऱ्या वर्षी पीठ प्रमाणाबाहेर आंबले. ड्यूरमचे पीठ दुप्पट होण्याची वाट पाहायचीच नसते, दीडपट झाले की आकार द्यावा.

मैदा आणायचा नसेल तर बाबांच्याच पसंतीचा थोडा लोकवन गहू घ्या. लोकवन ही गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेली जात आहे आणि ती पावाच्या गव्हाच्या कुळातली आहे. निम्मा मालवी, निम्मा लोकवन असे बारीक दळून आणा, तलम चाळणीने कोंडा काढा, पाणी बहात्तर ते पंचाहत्तर टक्के घ्या आणि नुसते पीठ-पाणी कालवून चाळीस मिनिटे झाकून ठेवा. यीस्ट आणि मीठ त्यानंतर घालावे.

लोकमान्यनगर_इंदूर

मी इंदूरचीच आहे आणि बरीच वर्षे गॅस तंदुरात पाव भाजते आहे, म्हणून वरच्या उत्तरात थोडी भर घालते.

संक्रांतीच्या सुमारास इथे पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते, आणि आपली जुनी, उंच छताची स्वयंपाकघरे दुपारपर्यंत गारच असतात. यीस्टला पंचवीस ते तीस अंशांची ऊब आवडते. माझ्या सासूबाई दही लावताना करत तेच मी करते: पिठाचे भांडे मोठ्या पातेल्यात ठेवायचे, शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवायचा, वर झाकण घालून जुन्या शालीत गुंडाळायचे. दर अर्ध्या तासाने तांब्यातले पाणी बदलावे लागते. हे काम आजींकडे द्या. त्यांना दिसत नसले तरी बोट दाबून पीठ किती हलके झाले ते त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल. बोटाचा खळगा हळूहळू अर्धवट भरून आला की पीठ तयार झाले असे समजावे.

मोठा पाव गॅस तंदुरात करू नका. त्याला सगळी आच खालून मिळते, त्यामुळे बूड करपते आणि माथा पांढरा राहतो. साठ-साठ ग्रॅमचे लहान पाव करा. तंदूर दहा मिनिटे तापवून घ्या, जाळीखाली एक स्टीलची ताटली उलटी ठेवा म्हणजे थेट झळ लागत नाही, आणि बारा मिनिटांनी पाव बाफल्यांसारखे उलटवा. एकूण बावीस ते पंचवीस मिनिटे लागतात. कुकरमध्ये वाळू घालून भाजण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, पण ॲल्युमिनियमचा कुकर कोरडा तापवत राहणे मला योग्य वाटत नाही.

अवंतिका

वरील माहिती बरोबर आहे, पण निव्वळ मालवी गव्हाचा पाव होतच नाही असा समज त्यातून होऊ नये. इटलीच्या दक्षिणेत अल्तामुरा नावाचे गाव आहे. तिथला पाव ड्यूरमच्या बारीक दळलेल्या रव्याचाच असतो, आणि २००३ मध्ये त्याला युरोपीय संघाचे मूळस्थान-संरक्षण मिळाले. तो आंबवणाच्या विरजणावर फुगवतात, त्याचे कवच किमान तीन मिलिमीटर जाड असते आणि आतून तो पिवळसर, ओलसर राहतो. तुमच्या बाबांना ती चव आवडली असेल तर ते केवळ मन राखण्यासाठी बोलले असे मला वाटत नाही. ड्यूरमला खरोखरच एक गोडसर चव असते.

माहेरवाशीण_नाशिक

आज इंदूरहून परतले, म्हणून सविस्तर कळवते.

लोकवन गहू बाबांनी स्वतः आणला. त्यांनी तो दाताखाली फोडला, ‘हा लगेच फुटतो’ असे म्हणाले, आणि दोन्ही गहू चक्कीवर स्वतः उभे राहून दळून आणले. चारशे ग्रॅम पिठाला दोनशे नव्वद मिली पाणी, पाच ग्रॅम यीस्ट आणि आठ ग्रॅम मीठ घेतले. शालीत गुंडाळलेले पातेले आजीने दुपारभर मांडीजवळ घेतले होते. घड्याळाप्रमाणे मी सव्वा तासाने उठले, तर आजीने बोट दाबून ‘अजून थांब’ म्हटले, आणि पंचवीस मिनिटांनी स्वतःच हाक मारली. तिचे बरोबर होते.

अकरा पाव झाले. पहिल्या घाण्यातले तीन खालून करपले, कारण ताटली ठेवायला मी विसरले होते. बाकीचे आठ उत्तम झाले. नाशिकच्या पावाइतके ते उंच नव्हते, पण दाबल्यावर परत वर येत होते. आईने त्यांना साजूक तूप लावले. बाबांनी एक पाव मधून मोडून बराच वेळ पाहिला आणि या वेळी दूध मागितले नाही.

निघताना त्यांनी मला विचारले की यंदा मालवीबरोबर लोकवन किती घ्यावा, आणि तो वेगळ्या कोठीत ठेवावा की त्याच. मी दहा किलो सांगितले आहे. अवंतिकाताई, विरजणावर ड्यूरमचा पाव करायचा झाल्यास ते विरजण लोकवनाच्या पिठाचे चालेल का, हे कृपया कळवावे; मी पुन्हा मे महिन्यात जाणार आहे.