मदत हवी आहे: एका वायफाय टेस्टबेडवर दोन गटांचे प्रयोग एकाच वेळी

तापीकाठ (जळगाव): आमच्या महाविद्यालयातील टेस्टबेड (प्रयोगांसाठी मांडलेले वायफाय संगणकांचे जाळे) दोन संशोधन गटांना एकाच वेळी हवा आहे. प्रत्येक नोडवर (जाळ्यातील एका संगणकावर) दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातील आभासी संगणक) उभी केली, तरीही एका गटाने प्रयोग सुरू करताच दुसऱ्याचे आकडे बिघडतात. निकाल याच आठवड्यात सादर करायचे आहेत, म्हणून कृपया नेमका उपाय सांगावा. पाळ्या लावण्याचा सल्ला नको.

धुळे_लिनक्स: व्हर्च्युअल मशीन जड पडतात. कंटेनर (एकाच लिनक्सवरचे वेगळे, हलके कप्पे) वापरावेत; आमच्या प्रयोगशाळेत त्यानंतर तक्रार उरली नाही.

सातपुडा: कंटेनरने प्रोसेसर आणि मेमरी वाटली जाते, हवा नाही. दोन्ही गट एकाच चॅनेलवर (वायफायच्या वारंवारतेच्या एकाच पट्ट्यावर) असतील, तर एकाची फ्रेम (एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा) संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावेच लागणार. तापीकाठ, प्रत्येक नोडमध्ये रेडिओ कार्डे किती, चॅनेल कोणता आणि मोजायचे काय, हे आपण लिहिलेलेच नाही.

गिरणाकाठ: रेडिओ हवेतच कशाला? लिनक्समधील मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल हवे तितके आभासी रेडिओ तयार करते.

सातपुडा: प्रोटोकॉलमधील चुका शोधण्यासाठी ते उत्तम आहे, परंतु भिंती आणि शेजारचे सिग्नल त्यात नसल्यामुळे खऱ्या हवेतील थ्रूपुट (दर सेकंदाला किती माहिती पोहोचते) त्यातून कळत नाही.



तापीकाठ: प्रत्येक नोडमध्ये अथेरॉस कंपनीची दोन कार्डे आहेत, पण सध्या एकच वापरात आहे. चॅनेल ६. एक गट थ्रूपुट मोजतो, दुसरा विलंब.

सातपुडा: मग एक कार्ड एका गटाला, दुसरे दुसऱ्याला द्यावे. लिनक्समधील 'आयडब्ल्यू' आज्ञेने प्रत्येक कार्ड स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच संगणकातील नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) हलवता येते. एका गटाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ चॅनेल द्यावा; हे दोन्ही ५ गिगाहर्ट्झचे आहेत.

धुळे_लिनक्स: एकाच कार्डावर काळाची वाटणीही करता येते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या ऑर्बिट या ४०० नोडांच्या टेस्टबेडवर जागा, वारंवारता आणि काळ अशा तिन्ही वाटण्यांचा अभ्यास झालेला आहे.

सातपुडा: भाऊ, अभ्यास झाला आहे हे खरे, पण चॅनेल बदलण्यात काही मिलिसेकंद जातात आणि आपली पाळी येईपर्यंत पॅकेटे रांगेत अडकतात. थ्रूपुटच्या गटाला ते कदाचित चालेल. विलंब मोजणाऱ्या गटाला मात्र त्या आकड्यांत नेटवर्कऐवजी आपलीच वाटणी मोजली जाईल.

तापीकाठ: आमची कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहेत.

सातपुडा: हे आधी सांगायला हवे होते. तर मग १ आणि ११ चॅनेल घ्यावेत. हे चॅनेल एकमेकांवर येत नाहीत, पण एकाच पेटीतील दोन अँटेना जवळ असल्या तर एका रेडिओची गळती दुसऱ्याच्या रिसीव्हरला बधिर करते. म्हणून केबलने अँटेना शक्य तितक्या लांब न्याव्यात आणि प्रसारणाची शक्ती कमी ठेवावी. आधी प्रत्येक गटाचा प्रयोग एकटा चालवून आकडे नोंदवावेत आणि मग दोन्ही एकत्र चालवून तुलना करावी. विलंबाच्या आकड्यांत तरीही फरक राहिला, तर आपल्याला नको असले तरी त्या गटाला रात्रीची स्वतंत्र वेळ द्यावी लागेल.